दंड फुगतील का?

"मॅडम, दंड फुगणार नाहीत ना?" नवीन जालन्यातल्या ज्या जिममध्ये मी जातो, तिथे नवी बाई आली की पहिल्याच दिवशी ट्रेनरला हा प्रश्न ऐकावा लागतो. कुणी मराठीत विचारतं, कुणी हिंदीत, "हात मोटे तो नहीं होंगे?" असं. मागणीही ठरलेली. पोट आत जावं, दंडाचं लोंबणारं मांस आवळावं, लग्नाला जाताना ब्लाउज नीट बसावा. पण 'बाप्यासारखं' दिसायला नको. ट्रेनरच्या परवानगीने मी त्या बॅचमध्ये कोपऱ्यात बसून बघत होतो, आणि बायकांनीही फार मनावर घेतलं नाही. "लिहा लिहा, पण नाव नका टाकू," एवढंच म्हणाल्या.

बायकांची बॅच अकरा ते एक. डबे गेलेले, लेकरं शाळेत, सकाळची पुरुषांची गर्दी ओसरलेली. खुंटीवर दोन बुरखे, चार ओढण्या. मंगळसूत्र टी-शर्टच्या आत सरकवलेलं. काचेच्या बांगड्या काढता येत नाहीत म्हणून कोपरापर्यंत वर चढवून त्यावर रुमाल बांधलेला. आल्याबरोबर सगळ्या सरळ ट्रेडमिलकडे जातात. ट्रेडमिल तीन, त्यातली एक बंद. उरलेल्या दोन्हींसमोर नंबर लागतात. पलीकडच्या भिंतीशी लोखंड पडलेलं असतं, तिकडे कुणी फिरकत नाही. जालन्यासारख्या लोखंडाच्या गावात हे म्हणजे जरा गमतीचंच. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि सळई होऊन महाराष्ट्रभर जातं. डिसेंबर २०१८मध्ये महाराष्ट्र केसरीही जालन्यात भरली होती, बुलढाण्याकडून खेळणाऱ्या बाला रफीक शेखने गदा नेली. तेव्हा ताकद, वजन, खुराक या गोष्टी गावाला नव्या नाहीत. त्या बायकांच्या वाट्याला आलेल्या नाहीत, इतकंच.

दंड फुगण्याची भीती आधी निकालात काढू. पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन बाईच्या दहा-पंधरा पट असतं. तरीही जिममध्ये वर्षानुवर्षं घाम गाळणारी कितीतरी पोरं शर्टात हरवलेलीच दिसतात. मग आठवड्यातून तीनदा पाच किलोचे डंबेल उचलणाऱ्या बाईचे दंड एका रात्रीत कसे फुगतील? मावळातल्या वडगावच्या हर्षदा गरुडने २०२२मध्ये ग्रीसमधल्या हेराक्लिऑनला कनिष्ठ गटाच्या जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. गट ४५ किलोचा, आणि तिने उचललं स्नॅचमध्ये ७० किलो, क्लीन अँड जर्कमध्ये ८३. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट वजन डोक्यावर नेणारी ही मुलगी रस्त्यात समोरून गेली तर कुणी वळूनही बघणार नाही, इतकी चणीने लहान. ट्रेनर तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवूनच असते. प्रश्न आला की फोटो दाखवते, म्हणजे भाषण करावं लागत नाही.

आता ट्रेडमिलचा हिशोब. साठ किलो वजनाची बाई पाच किलोमीटर चालली तर साधारण २०० ते २५० कॅलरी खर्च होतात. एका बऱ्यापैकी मोठ्या समोशात तेवढ्या असतातच. याचा अर्थ चालणं फुकट आहे असं नाही. पण निव्वळ चालून चरबी उतरवायची तर धीर फार लागतो, आणि बहुतेकींचा धीर दुसऱ्या महिन्यात सुटतो. मग त्या जेवण तोडतात. एक पोळी, मग अर्धी, रात्री नुसतं सूप. काटा खाली येतो, सगळे कौतुक करतात. पण अशा उतरलेल्या वजनातला सुमारे पाव हिस्सा चरबीचा नसतोच, त्यात स्नायूही गेलेले असतात. बाई बारीक होते आणि तरी अंग सैल ते सैलच. ज्या आवळलेल्या शरीरासाठी तिने हे सगळं केलं, ते होतं कशाचं? कातडीखालच्या स्नायूचं, आणि त्यावर चरबीचा थर बेताचा असण्याचं. स्नायूच नसेल तर थर कितीही पातळ करा, आवळणार काय?

हे काट्याला कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेला एक फोटो वैद्यकात चांगलाच गाजला. फोटोत ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपण भारतीय दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार, हे याज्ञिक यांनी नवजात बाळांपासून मोजून दाखवलं. दोघंही पुरुष होते, पण त्या फोटोतला मुद्दा जिममधल्या या बायकांना जास्तच लागू पडतो. पंचावन्न किलोची, कुणाच्याही नजरेला 'मेंटेन' वाटणारी बाई जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकवते, त्याचं कारण काट्यावर दिसत नाही.

लोखंडाच्या कोपऱ्यात पहिली गेली ती एका हार्डवेअरच्या दुकानदाराची बायको. चाळिशीच्या आतबाहेरची, कंबरदुखीने बेजार. ट्रेनरने तिला आधी वजनाला हातच लावू दिला नाही. हातात दिला झाडूचा दांडा. तो पाठीवर उभा धरायचा. एक टोक डोक्याच्या मागे, मधला भाग पाठीच्या दोन फऱ्यांमध्ये, खालचं टोक माकडहाडाला. तिन्ही ठिकाणी दांडा टेकलेला ठेवून वाकायचं. ती वाकली की दांडा माकडहाडावरून सुटायचा, म्हणजे ती कमरेतून वाकत होती. पोछा मारताना, बादली उचलताना, लेकराला कडेवर घेताना ती आयुष्यभर अशीच वाकत आलेली. "ढुंगण मागं न्या काकू, मागं! मागं भिंत आहे समजा, तिला लावा," असं ट्रेनर म्हणत होती आणि बाकीच्या खुदखुदत होत्या. गुडघे जरासे वाकलेले, खुबे मागे, पाठ सरळ. मांडीच्या मागे ताण आला तेव्हा काकूंचा चेहरा बदलला. "इथं काहीतरी आहे हे मला ठाऊकच नव्हतं."

झाडूवर दोन-तीन बैठकी गेल्यावर खरा दांडा आला. वीस किलोचा. "म्हणजे बारा एमएमच्या दोन सळया की हो," काकू लगेच म्हणाल्या. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे गणित दुकानातल्या घरात सगळ्यांना तोंडपाठ. बारा एमएमची मीटरला पाऊण किलोहून थोडी जास्त, बारा मीटरची अख्खी सळई साडेदहा किलोच्या पुढे. त्यांचा अंदाज बरोबर होता.

एक अडचण आली. मोठी चाकं लावली तर वजन झेपत नाही, आणि छोटी लावली तर दांडा इतका खाली जातो की पाठ वाकवल्याशिवाय हात पोचत नाही. ट्रेनरने दोन्ही बाजूंना एरोबिक्सचे स्टेपर ठेवले आणि दांडा त्यावर टेकवला. आता तो नडगीच्या मध्यावर आला. पाय कमरेच्या रुंदीचे, दांडा पावलाच्या मध्यावर, नडगीपासून बोटभर. काकूंनी पकड घेतली, श्वास पोटात भरला, कुणी पोटात बुक्की मारणार असल्यासारखं पोट कडक केलं. "उचलू नका, जमीन खाली ढकला," ट्रेनर म्हणाली. दांडा नडगीला घासत वर आला, गुडघे ओलांडले आणि काकू ताठ उभ्या राहिल्या. यालाच डेडलिफ्ट म्हणतात. सगळं मिळून चार सेकंद. खाली ठेवताना त्यांनी घाई केली, दांडा धाडकन आदळला. तेवढ्यापुरते ट्रेडमिलवरचे पाय मंदावले.

काकूंच्या दांड्यावरचं वजन दर आठवड्याला थोडं वाढत गेलं. सगळा खेळ या थोड्याचाच. स्नायूला कालच्यापेक्षा जरासं जास्त काम दिलं की तो वाढायचं मनावर घेतो, रोज तेच दिलं तर नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत जे बळ येतं ते स्नायूचं नसतं, मज्जातंतूंना काम जमायला लागतं म्हणून येतं. आरशात फरक दिसायला दोन-तीन महिने जातात. पायासाठी पाच-पाच किलोने वाढवता येतं. दंड-खांद्याला मात्र ती उडी मोठी, आणि इथल्या सगळ्यात छोट्या प्लेटा अडीच किलोच्या. दोन्हीकडे लावल्या की पाचच होतात. मग ट्रेनर पायाला बांधायच्या अर्ध्या किलोच्या वजनपट्ट्या दांड्याला गुंडाळते. जिम पुरुषांच्या मापाने उभी राहिलेली असते, हे अशा बारक्या गोष्टींत कळतं.

"आम्ही घरी काय कमी राबतो का?" हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला, आणि तो खोटा नाही. पण घरकाम दमवतं, ते वाढत जात नाही. कणीक रोज तेवढीच, बादलीही तेवढीच. आणि मराठवाड्यातल्या ऊसतोड बायका? त्या पंचवीस-तीस किलोच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढतात, दिवसातून कितीतरी वेळा. वजन उचलल्याने अंग बनत असतं तर त्यांच्याइतकं सुदृढ कुणी नसतं. पण पुरतं खाणं नाही, झोप नाही, गरोदरपणातही सुट्टी नाही. भाराइतकीच विश्रांती आणि अन्न लागतं. ते नसेल तर तोच भार अंग झिजवतो. जिमच्या भाषेत याला रिकव्हरी म्हणतात. उसाच्या फडात त्याला शब्द नाही, कारण ती गोष्टच नाही.

बॅचमध्ये कुणी मोठ्याने बोलत नाही अशी एक गोष्ट ट्रेनरने मला बाजूला घेऊन सांगितली. झुंबा, दोरीच्या उड्या, जंपिंग जॅक सुरू झाले की बाळंतपण झालेल्या कित्येक जणी मध्येच 'पाणी पिऊन येते' म्हणून निघून जातात. उडी मारली की लघवी सुटते. लाजेने कुणी सांगत नाही. काही जणी त्या दिवसापासून यायच्याच बंद होतात, आणि घरचे म्हणतात, हिला चिकाटीच नाही. ही ट्रेनर अशा बायकांच्या उड्या बंद करते. श्वासाबरोबर ओटीपोटाचे स्नायू आवळायला शिकवते, मग हलक्या वजनाने बैठका. अंग बाहेर येत असेल तर आधी डॉक्टरकडे, मग माझ्याकडे, हा तिचा नियम. मला वाटतं, बायकांना सरसकट कार्डिओकडे ढकलणाऱ्या प्रत्येक जिमवाल्याने हे एकदा ऐकावं.

हाडांचाही प्रश्न आहे. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात आणि डॉक्टर सांगतात, जपून, वजन उचलू नका. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं आधीच विरळ झालेल्या १०१ बायकांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८मध्ये छापून आले. निम्म्या बायकांना देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास खरोखर जड वजनं उचलायला दिली. डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर वजन ढकलणं. आठ महिन्यांनी त्यांच्या मणक्याच्या हाडांची घनता वाढलेली होती. घरी हलका व्यायाम केलेल्या गटाची घटली होती. 'देखरेखीखाली' हा शब्द मात्र वाचून सोडून देऊ नका. यूट्यूब बघून पासष्टीच्या आजीने डेडलिफ्ट सुरू करू नये.

मग ट्रेडमिल विकून टाकायची का? नाही. हृदयाला, रक्तदाबाला, साखरेला दम लागणारा व्यायाम हवाच. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२०चं सांगणं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचं चालणं-फिरणं आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, असं दोन्हीचं आहे. दुसरा अर्धा भाग कुणी वाचत नाही. स्नायू वाढले की बसल्याजागी भराभर चरबी जळते, हेही जिमवाल्यांचं आवडतं थापेबाज वाक्य. किलोभर स्नायू दिवसाला जेमतेम १३ कॅलरी घेतो. लोखंडाचा फायदा तिथे नाही. तो आकारात आहे, हाडांत आहे, जमिनीवरून हात न टेकता उठण्यात आहे. चालायचं तर संध्याकाळी मोती तलावाकडे चाला, हवाही मिळते. जिमच्या फीचे पैसे लोखंडासाठी वापरा, असं माझं मत.

सगळ्यात जास्त घोडं अडतं ते ताटात. ट्रेनरने एकदा सगळ्यांना आदल्या दिवशीचं खाणं लिहून आणायला सांगितलं. चहा, पोहे, दोन पोळ्या-भाजी, चहा-बिस्कीट, भात, वाटीभर पातळ वरण. वरणात डाळ शोधावी लागेल असं. साठ किलोच्या बाईला वजनं उचलायची तर दिवसाला ७०-८० ग्रॅम प्रथिनं हवीत, या यादीत त्याच्या निम्मीही भरत नव्हती. पावडरीचे डबे परवडणाऱ्या दोघी-तिघीच. बाकीच्यांना तिने सांगितलं ते सोपं होतं. वरण घट्ट करा. मूठभर शेंगदाणे, ५० ग्रॅम धरले तर १३ ग्रॅम प्रथिनं. अंडं चालत असेल तर दोन, म्हणजे बारा. वाटीभर दही, मोड आलेली मटकी. आणि हिमोग्लोबिन तपासून या. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, तेव्हा धाप लागते ती नेहमीच आळसाने नसते. तपासणी करून आलेल्यांपैकी एकीचं नऊ निघालं. तिचा दांडा काढून घेतला, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

तेवढ्यात नवरात्र आलं. बॅचमधल्या अर्ध्या जणींचे नऊ दिवसांचे उपवास. एकीने विचारलं, "मॅडम, भगरीवर डेडलिफ्ट होईल का?"

"नुसत्या भगरीवर नाही होणार. राजगिरा खा, दूध-दही घ्या, शेंगदाण्याची आमटी घट्ट करा. वजन तेच ठेवू, पाचऐवजी तीनच सेट मारू. आणि साबुदाण्याचे वडे खाऊन आलात तर मला सांगू नका."