शेलूचे बारा बाइट

मुंबईहून कर्जतकडे निघालेल्या लोकलने वांगणी सोडले की ठाणे जिल्हा संपतो आणि रायगडातले पहिले स्टेशन येते ते शेलू. डब्यातल्या पाटीवर हे नाव मराठी, हिंदी, इंग्रजी असे आळीपाळीने दिव्यांच्या ठिपक्यांत उमटते. पेटलेला ठिपका म्हणजे १, विझलेला म्हणजे ०. पण हे झाले नावाचे चित्र. चित्रात शोधाशोध करता येत नाही, चित्रांची यादी अकारविल्हे लावता येत नाही. तेवढ्यासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक द्यावा लागतो, आणि शेलूची खरी गंमत त्या क्रमांकांत आहे.

रेल्वेच्या कामकाजात शेलूची खूण एसएचएलयू अशी चार रोमन अक्षरांची आहे. संगणकात ती ५३, ४८, ४सी, ५५ अशी जाते. आकड्यांत मध्येच ‘सी’ कुठून आला, असे कोणीही विचारील.

संगणकाच्या विद्युत मंडलात दाब जास्त आहे की कमी, एवढेच खात्रीने ओळखता येते. मधल्या पायऱ्या ठेवल्या की चुका वाढतात. म्हणून सगळा हिशेब ० आणि १ वर. भाताच्या मुलखात हे समजवायला फार लांब जावे लागत नाही. जुन्या मापांत दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर. चारही मापे एकेकच घ्यायची आणि प्रत्येक माप एकतर काठोकाठ भरायचे, नाहीतर रिकामे ठेवायचे. एवढ्यावर शून्यापासून पंधरा कोळव्यांपर्यंत हवे तेवढे धान्य देता येते. अकरा हवीत? शेर भरा, मापटे सोडा, चिपटे आणि कोळवे भरा. भरलेल्याला १, रिकाम्याला ० लिहिले की झाले १०११.

या चार मापांची उत्तरे होतात सोळा, आणि आपल्याकडे एकअंकी चिन्हे दहाच. दहा ते पंधरा या उत्तरांसाठी मग ए, बी, सी, डी, ई, एफ ही रोमन अक्षरे उसनी घेतली. ४सी म्हणजे ०१०० ११००. सोळा चिन्हांच्या या पद्धतीला हेक्साडेसिमल म्हणतात, पण यंत्राच्या पोटात असे वेगळे काही नसते. शून्य-एकांच्या लांबलचक रांगेत माणसाची नजर चुकते, म्हणून चार-चार बिटांना, म्हणजे चार-चार शून्य-एकांना, एक चिन्ह देऊन केलेली ती सोय आहे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे दोन चिन्हे.

आता मराठी नाव घेऊ. ‘शेलू’ ही आपल्या लेखी दोन अक्षरे. संगणकाच्या लेखी चार खुणा: श, एकाराची मात्रा, ल आणि दीर्घ उकार. युनिकोड या संकेतावलीतले त्यांचे क्रमांक ०९३६, ०९४७, ०९३२, ०९४२. हे क्रमांक कुणा परदेशी माणसाने मनाला येईल तसे टाकलेले नाहीत. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाची संकेतावली आधीपासून होती. पुढे १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून आली, आणि तिचा प्रसार करण्यात पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचा मोठा वाटा होता. युनिकोडने देवनागरीची मांडणी या इस्कीवरूनच उचलली.

तिच्याबरोबर एक अडचणही आली. शेलूच्या पुढचे स्टेशन नेरळ. त्यातल्या ळ ला ०९३३ हा क्रमांक आहे, अगदी ल ला खेटून. मराठी वर्णमालेत मात्र ळ येतो ह च्या नंतर. नुसत्या क्रमांकांवरून यादी लावली तर ळ चे शब्द मराठी माणसाच्या लेखी भलत्याच जागी पडतात; त्यासाठी मराठीचा वेगळा नियम सॉफ्टवेअरला सांगावा लागतो.

तरी आधीच्या अवस्थेपेक्षा हे सुख म्हणायचे. पूर्वी फॉन्टवाले रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी आकार बसवत आणि प्रत्येकाचे बसवणे वेगळे. छापखान्यात सुबक दिसणारा मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा कचरा. त्या काळातले कितीतरी मराठी लेखन आजही तसेच अडकून पडले आहे.

युनिकोड क्रमांक देते. ते बाइटांत कसे भरायचे हा पुढचा प्रश्न. आज सर्रास चालणारी यूटीएफ-८ ही रीत केन थॉम्प्सन यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये रॉब पाइक यांच्यासोबत जेवणाच्या टेबलावरच्या कागदावर मांडली. श चा ०९३६ हा क्रमांक घ्या: ०००० १००१ ००११ ०११०. त्याचे चार, सहा, सहा बिटांचे तुकडे पाडायचे. पहिल्यापुढे १११० लावायचे, म्हणजे ‘हे अक्षर तीन बाइटांचे’ अशी सूचना. उरलेल्या दोघांपुढे १०, म्हणजे ‘मी मागच्याचा भाग’. तयार होतात १११०००००, १०१००१००, १०११०११०, अर्थात ई०, ए४, बी६. चार खुणांचे असे बारा बाइट. रोमन खुणेचे चारच होते.

हेच बाइट कुणी जुन्या पाश्चात्त्य तक्त्याने वाचले तर श च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ए, मग चार पाय फुटलेले गोल चलनचिन्ह आणि मग परिच्छेदाची खूण दिसते. असा कचरा इमेलमध्ये पाहिलाच असेल. बाइट शाबूत असतात, तक्ता चुकलेला असतो. एसएमएसमध्ये हिशेब आणखी निराळा. एका संदेशाला १४० बाइट. इंग्रजी अक्षर सात बिटांत बसते, म्हणून १६० अक्षरे. मराठी खुणेला सोळा बिट लागतात, म्हणून सत्तरच. मात्रा आणि उकारही त्या सत्तरांतच मोजले जातात, आणि हे मराठीत लिहिणाऱ्याला जाचते.

एवढे करूनही एक गोष्ट क्रमांकात मावत नाही. मराठी वळणाचा श देठयुक्त आणि ल पाकळीयुक्त. हिंदी छपाईतले श आणि ल वेगळ्या वळणाचे. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेसाठी काढलेल्या निर्णयात मराठी वळणच सांगितले आहे. आणि शेलूच्या नावात नेमकी हीच दोन व्यंजने! युनिकोडला दोन्ही वळणे सारखीच: श तो ०९३६, ल तो ०९३२. अक्षर कोणते ते कोड सांगतो, कसे दिसावे ते फॉन्ट ठरवतो. ही विभागणी मला पटते. दोन वळणांना दोन क्रमांक दिले असते तर एका वळणाने लिहिलेले शेलू दुसऱ्या वळणाने शोधताना सापडलेच नसते. पटत नाही तो सॉफ्टवेअरवाल्यांचा आळस. देवनागरी म्हणजे हिंदी असे ते परस्पर धरून चालतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली आणि फॉन्टमध्ये मराठी आकार घातलेले असले, तर त्याच बारा बाइटांतून देठाचा श आणि पाकळीचा ल उमटतो. मराठी संकेतस्थळ करणाऱ्याला त्यासाठी पानाच्या सुरुवातीला रोमन एम आणि आर ही दोन अक्षरे लिहावी लागतात.