शुभ्रतेची पारख : साखरपुड्याची अंगठी निवडताना

तुळशीविवाह पार पडला की आपल्या गोंदिया परिसरात मंगलकार्यांचे दिवस सुरू होतात. धान घरी येते, सोयरीक जुळते, साखरपुड्याची तिथी निघते. पूर्वी या प्रसंगी सोन्याची साधी अंगठी पुरत असे. अलीकडे तीत हिऱ्याचा खडा असावा अशी हौस वाढली आहे. हौसेस आमचा विरोध नाही. मात्र हिऱ्याच्या रंगाविषयीचे अज्ञान घरास कर्जात लोटू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

हिऱ्याच्या रंगाचा विचार आपल्याकडे नवा नव्हे. कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'त हिऱ्याच्या छटा सांगताना मांजराचा डोळा, शिरीषाचे फूल, गोमूत्र आणि शुद्ध स्फटिक यांची नावे घेतली आहेत. सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त वेणातीरीचा हिरा निर्मळ, तर कोसलदेशीचा शिरीषपुष्पासारखा असल्याचे नमूद केले आहे. ही वेणा म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेस वाहणारी वैनगंगाच, असे काही अभ्यासक मानतात. वैनगंगेच्याच खोऱ्यातील, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख 'ऐन-ए-अकबरी'त आहे. प्राचीनांनी हिऱ्याच्या रंगास माणसांचे वर्णही चिकटविले. तो भाग आज त्याज्यच समजावा. त्यांची सूक्ष्म दृष्टी मात्र घ्यावी.

आधुनिक रत्नशास्त्राने याच दृष्टीस मोजमाप दिले. अमेरिकेतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटने १९५३ साली रूढ केलेली श्रेणी इंग्रजी 'डी' अक्षरापासून 'झेड'पर्यंत जाते. 'डी', 'ई', 'एफ' हे रंगहीन. 'जी' ते 'जे' जवळजवळ रंगहीन. पुढे पिवळेपणा क्रमाने वाढतो. हा पिवळेपणा बहुधा हिऱ्यात शिरलेल्या नत्रवायूच्या अणूंमुळे येतो. एकेका अक्षरातील फरक सामान्य दृष्टीस क्वचितच जाणवतो. किमतीत मात्र तो चांगलाच जाणवतो.

आमच्या परिचयाचे एक शेतकरी गृहस्थ भावी सुनेसाठी 'डी' श्रेणीचाच खडा हवा म्हणून धानाची एक बांधी गहाण टाकण्यास निघाले होते. "महाराज, हलका खडा दिला तर सोयरे काय म्हणतील?" हा त्यांचा प्रश्न. आम्ही त्यांच्यासमवेत सराफाकडे गेलो. सराफ सज्जन होते. त्यांनी एक 'डी' व एक 'आय' असे सारख्या आकाराचे दोन खडे पांढऱ्या कागदावर पालथे ठेविले. तेव्हा दुसऱ्यात किंचित पिवळी झाक दिसली. मग तेच खडे सुलटे करून पिवळ्या सोन्याच्या कोंदणावर धरले. कोणता कोणता, हे त्या गृहस्थांस सांगता येईना, आणि आम्हांसही नाही! त्यांनी 'आय' श्रेणीचा खडा घेतला, बांधी सुटली.

तेव्हा वाचकहो, खडा कोंदणात बसविण्यापूर्वी सुटा पाहावा. दुकानातील प्रखर दिव्यांखाली नव्हे, तर दिवसाच्या सौम्य उजेडात, पांढऱ्या कागदावर, पालथा ठेवून बाजूने न्याहाळावा. प्लॅटिनम वा पांढऱ्या सोन्यात पिवळी झाक लवकर उठून दिसते. पिवळ्या सोन्यात ती मुरून जाते. खडा मोठा असेल तर रंगही अधिक दिसतो, हे ध्यानी असावे. हिऱ्याचे तेज मुख्यतः त्याच्या पैलूंच्या घडणीवर असते. म्हणून रंगाच्या एका अक्षरापायी घडणीत तडजोड करू नये. प्रमाणपत्र मागावे, आणि हिरा खाणीतला की प्रयोगशाळेत घडविलेला, हे त्यावर वाचून घ्यावे. दोन्ही हिरेच, परंतु मोलात मोठे अंतर आहे.

साखरपुडा म्हणजे दोन कुळांनी एकमेकांस दिलेला शब्द. त्या शब्दाची शुभ्रता कोणत्याही अक्षराने मोजली जात नाही. सुनेच्या बोटात अंगठी शोभावी, आणि ती ज्या घरी येणार त्या घराची बांधीही शाबूत राहावी, हीच तुळशीमातेच्या चरणी आमची प्रार्थना.