‘कमांड नॉट फाउंड’ म्हणजे प्रोग्रॅम उडाला नव्हे

टर्मिनलवर ‘कमांड नॉट फाउंड’ उमटलं की शेजारचं कुणीतरी हमखास सांगतं, ‘काढ आणि पुन्हा टाक.’ अधिक उत्साही मंडळी थेट फॉरमॅटवर येतात. हा सल्ला आता ऐकवत नाही.

शेल एवढंच सांगतं की ‘पाथ’मध्ये नोंदलेल्या फोल्डरांत या नावाचं चालवण्याजोगं काही सापडलं नाही. प्रोग्रॅम डिस्कवर सुखरूप असू शकतो. त्या फोल्डरांत पुष्कळदा नुसती सिम्बॉलिक लिंक असते, म्हणजे दुसऱ्या जागेचा पत्ता लिहिलेली चिमुकली फाइल. प्रोग्रॅम हलला तरी तो पत्ता आपोआप बदलत नाही.

मॅकवरचं व्हिज्युअल स्टुडिओ कोड घ्या. ॲप डाउनलोड्समधूनच चालवून तिथूनच ‘कोड’ कमांड बसवली, तर /युएसआर/लोकल/बिन मधली लिंक तेव्हाच्या जागेकडे जाते. ॲप नंतर ॲप्लिकेशन्समध्ये ओढलं की लिंक तुटली. आता ते खुशाल दहादा पुन्हा टाका; ॲप नव्या जागी बसेल, लिंक जुन्याच पत्त्यावर अडून राहील! त्यापेक्षा ‘एलएस -एल’ला लिंकचा पूर्ण मार्ग द्या. बाणापुढे पत्ता दिसेल. तिथे काहीच नसेल, तर ॲपच्या कमांड पॅलेटमधून ‘कोड’ कमांड पुन्हा बसवा, किंवा ‘एलएन -एसएफ’ने लिंक नव्या जागेकडे वळवा. काम मिनिटाभराचं.

‘सीएचमोड ७७७ मारून बघ’ हा दुसरा लाडका उपाय. लिनक्सच्या मॅन्युअलमधलं ‘सिमलिंक’चं पान स्पष्ट सांगतं, की साध्या लिंकच्या परवानग्या कायम ०७७७च असतात आणि कुठल्याच कामात विचारात घेतल्या जात नाहीत. शिवाय समोर फाइलच नाही, तर परवानगी देणार कुणाला?

तसंच सुडो लावून होमब्रू हे पॅकेज मॅनेजर चालवायला जाल, तर ते स्वतःच नकार देतं. त्याच्या लिंकांसाठी ‘ब्रू लिंक’ आहे. ‘आरएम’ने लिंक पुसली तर लिंकच जाते, मूळ प्रोग्रॅम नाही. आणि प्रोग्रॅम हलल्यावर बॅश जुनीच जागा धरून बसलं, तर मशीन रीस्टार्ट नको, ‘हॅश -आर’ पुरे.

पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं मात्र वेगळं. मूळ पायथन काढलं गेल्याने तिथली लिंक तुटली, तर डागडुजीत वेळ घालवू नका. पायथनचं अधिकृत दस्तऐवजच अख्ख्या एन्व्हायर्नमेंटला टाकाऊ मानायला सांगतं. तिथे ‘काढ आणि पुन्हा टाक’ हेच बरोबर.