धानाच्या बांधीतील फवारणी : आधी पंपाचे माप घ्या

धानोरा परिसरात धान पोटरीवर आले की शेतकरी बंधू पाठीवर पंप घेऊन बांधीत उतरतात. औषध मात्र झाकणाने, अंदाजे ओततात. तुडतुडे बसतात बुंध्याशी, पाण्याच्या किंचित वर. फवारा पडतो शेंड्यांवर. मग औषधच निकामी ठरवून मात्रा वाढविली जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेकांचे प्राण गेले.

याकरिता प्रथम साध्या पाण्याने माप घ्यावे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे एक गुंठा जागा आखावी. तीही बांधीतच, कारण चिखलात पाऊल जड पडते. पंप खुणेपर्यंत भरून नेहमीच्या चालीने फवारावे व पुन्हा खुणेपर्यंत भरण्यास लागलेले पाणी मोजावे. ते ४ लिटर भरल्यास एकरी १६० लिटर, म्हणजे १६ लिटरचे १० पंप झाले. वेष्टनावरील एकरी मात्रेचे तितकेच भाग करावेत. मात्रा हेक्टरी दिली असल्यास आधी अडीचने भागावे.

नोझल तुंबल्यास तारेने कोरू नये, तोंडाने तर मुळीच फुंकू नये. मऊ ब्रशने धुवावे. झिजलेले बदलावे. फवारताना ओळी फाकवून नोझल बुंध्याकडे वळवावे. नोझल वा फवारणारा माणूस बदलला, तर माप पुन्हा घ्यावे.