भोपळ्यातली म्हातारी आणि उसातला बिबट्या



या पानावर आम्ही दर अंकात लागण, खोडवा, हुमणी यांचंच बोलत असतो. आज जरा फड सोडून बालवाडीत जाऊ. "शेतकी ऑफिसरला हे काय नवीन खूळ?" असं काही मंडळी म्हणतील. म्हणू देत.

गेल्या हंगामात ऐन थंडीत एका सकाळी आम्ही टोळीच्या तळावर गेलो होतो. मुकादम फडात गेलेला. तो येईपर्यंत शेजारच्या बालवाडीत टेकलो. इथे सभासदांची पोरं आणि तोडणी मजुरांची पोरं एकत्र बसतात. बाई भोपळ्यात बसलेल्या म्हातारीची गोष्ट सांगत होत्या. गोष्ट आपल्या घराघरात आहे. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ-कोल्हा आडवे येतात, "चार दिवस लेकीकडचं खाऊन धडधाकट होऊन येते, मग खा" असं सांगून ती निसटते आणि परतताना भोपळ्यात बसून गडगडत येते.

मध्येच टोळीतली एक सहा वर्षांची मुलगी उठली. "वाघ न्हाई बाई, बिबट्या. अन् लेक घरी नसती, ती फडात ऊस तोडती. म्हातारी गावाकडं एकटीच असती, म्हणून ती लेकीला बघायला येती."

एका सभासदाचा नातू ओरडला, "खोटं! वाघच असतोय!" आणि आम्हीही वडीलकीच्या नात्यानं बोलून गेलो, "बाळ, गोष्टीत वाघच आहे."

मुलगी खाली बसली. आम्ही तिथे होतो तोवर तिनं पुन्हा तोंड उघडलं नाही.

पोरं पाणी प्यायला गेल्यावर बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही एकाच रानात शहाऐंशी झिरो बत्तीस आणि दोनशे पासष्ट शेजारी शेजारी लावून बघता. त्यातल्या एकीला खोटा ऊस म्हणता का?"

आम्ही निरुत्तर. वीस वर्षं सभासदांना शेजारचा प्लॉट बघा, फरक कशानं पडला ते विचारा, असं सांगत फिरतोय. पोरीच्या वेळेला मात्र नेमकं विसरलो. कृषी पदविकेत पोरांना शिकवायचं कुणी शिकवत नाही, ही सबब झाली.

पुढे बाईंनी जे केलं ते बघायला आम्ही मुद्दाम तीन-चार वेळा गेलो. आधी त्यांनी त्या मुलीला बोलावून तिच्या आजीची गोष्ट सबंध सांगायला लावली, मध्ये कुणाला बोलू दिलं नाही. मग फरशीवर खडूनं दोन मोठे गोल काढले, एकात एक थोडे शिरलेले. जुन्या स्लिपांच्या कोऱ्या बाजूवर पोरांनी चित्रं काढली: म्हातारी, भोपळा, वाघ, बिबट्या, घर, कोपी. एकाच गोष्टीत असेल ते त्या गोष्टीच्या गोलात, दोन्हींत असेल ते मधल्या जागेत. भोपळा मधे, म्हातारी मधे. वाघ एका बाजूला, बिबट्या दुसऱ्या बाजूला. लेक कुठे ठेवायची यावर मोठं भांडण झालं. लेक दोन्हींत आहे, पण एक घरी आणि एक फडात! शेवटी लेकीची दोन चित्रं निघाली. खरी गोष्ट कुठली, हे बाईंनी एकदाही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "हिच्यात बिबट्या का आला असेल?" सभासदाचा तोच नातू म्हणाला, "कारण उसात बिबट्याच असतोय, वाघ कुठाय?"

दोन गोष्टी पचल्यावर आठवड्याने तिसरी. बंगालीत उपेन्द्रकिशोर रायचौधुरी यांनी, म्हणजे सिनेमावाले सत्यजित राय यांच्या आजोबांनी, १९१० साली 'टुनटुनीर बोई' हे पुस्तक काढलं. त्यात हीच म्हातारी आहे, पण कुबडी. ती नातीकडे जाते, परतताना दुध्या भोपळ्याच्या खोळात बसते, कोल्हा तिला ओळखतो, आणि ती आपली पाळलेली कुत्री हाक मारून बोलावते. कुत्री पोरांना फारच पटली. "आमच्या कोपीपाशी पण कुत्रं हाय," असं ती मुलगी आपणहून बोलली. (बिबट्या बऱ्याचदा कुत्र्याच्याच वासावर येतो, हे आम्ही तिथे बोललो नाही. मुकादमाला मात्र सांगितलं, आणि रात्री पोरं कोपीबाहेर झोपवू नका म्हणून बजावलं.)

आणि चौथी इराणची. तिथेही भोपळा आहे, तिथेही म्हातारी लेकीकडेच जाते. वाटेत तिला लांडगा, सिंह आणि बिबट्या भेटतात. हो, बिबट्या! बाईंनी हे सांगितलं तेव्हा ती मुलगी आमच्याकडे वळून बघत होती. आम्ही टोपी काढून मान डोलावली.

घरी करून बघायचं असेल तर फार सामान लागत नाही. एका दिवसात दोन गोष्टी उरकू नयेत, चार-पाच वर्षांच्या पोराचा गोंधळ होतो. पहिली पाठ होऊ द्यावी, मग दुसरी. आजी एक सांगते आणि आत्या दुसरी सांगते, तर दोघींनाही सांगू द्यावं. शेवट बदलतो तिथे जरा जपून. लाल टोपीवाल्या मुलीच्या परदेशी गोष्टीत, १६९७ सालच्या पेरोच्या फ्रेंच पुस्तकात लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. १८१२ सालच्या ग्रिम बंधूंच्या जर्मन पुस्तकात शिकारी येऊन तिला पोटातून बाहेर काढतो. हे दोन शेवट शेजारी ठेवायचे तर पोर सात-आठ वर्षांचं होऊ द्यावं, असं बाईंचं मत आहे. आम्हालाही ते पटतं.

पट्टा पडला, टोळ्या गावी गेल्या. जाताना त्या मुलीने आपलं बिबट्याचं चित्र बालवाडीच्या भिंतीवरच ठेवलं. पुढच्या हंगामात येईन म्हणाली. उचल कुठल्या कारखान्याची घेतली जाते, त्यावर ते आहे.

दर शनिवारी सकाळी बालवाडीत गोष्ट सांगायला वडीलधारी माणसं हवी आहेत. ज्यांच्या घरी गोष्टी येणारी आजी, आजोबा, आत्या असतील त्यांनी गट ऑफिसात चिटबॉयकडे नाव द्यावं. आपली गोष्ट दुसऱ्यापेक्षा वेगळी असेल तर अवश्य यावं.