निर्धन संताचे सोनेरी मंदिर

गोव्यात मांडवी नदीच्या काठी जुने गोवे नावाचे गाव आहे. एके काळी पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील राज्याची ही राजधानी होती. तेथे दोन भव्य ख्रिस्ती मंदिरे एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. पूर्वेकडे तोंड करून आहे ते 'से कॅथीड्रल', आणि पश्चिमेकडे तोंड करून आहे ते असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च. कॅथीड्रलच्या विस्तारापुढे हे दुसरे मंदिर प्रथमदर्शनी फारसे लक्ष वेधून घेत नाही. चुन्याने माखलेल्या पांढऱ्या भिंती, दोन्ही बाजूंस अष्टकोनी मनोरे आणि कोनाड्यात देवदूत मायकेलची मूर्ती, एवढेच त्याचे बाह्य रूप.

परंतु उंबरठा ओलांडून आत पाऊल टाकले, की पाहणारा क्षणभर स्तब्ध होतो. दूरवर समोर मुख्य वेदी आहे आणि तिच्यामागील भिंत तळापासून माथ्यापर्यंत सोन्याने झळकत आहे. स्तंभ सोनेरी, वेली सोनेरी, महिरपीही सोनेरी. या वेदीवर क्रूसावरील येशूची मोठी मूर्ती आहे आणि तेवढीच मोठी संत फ्रान्सिसची. मूर्तींच्या खाली संताची तीन व्रते कोरलेली आहेत. त्यांतील पहिले व्रत आहे दारिद्र्य!

सोन्याच्या भिंतीवर दारिद्र्याचे व्रत कोरावे, ही विसंगती नव्हे काय?

फ्रान्सिसचा जन्म बाराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील असिसी या गावी झाला. बाप कापडाचा श्रीमंत व्यापारी होता. तरुणपणी फ्रान्सिसने घरचे वैभव सोडले. अंगावरचे कपडेसुद्धा भर सभेत बापाच्या स्वाधीन केले. पुढे भिक्षा मागत, आजाऱ्यांची सेवा करीत तो गावोगाव हिंडला. १२२६ साली तो मरण पावला, तेव्हा त्याच्यामागे त्याच्या अनुयायांचा मोठा पंथ उभा राहिला होता. या पंथाचे आठ संन्यासी १५१७ साली गोव्यात आले. एका मृत पोर्तुगिजाची घरे त्यांना मिळाली. तेथे त्यांनी लहानसे प्रार्थनागृह उभारले. १५२१ साली त्या जागी चर्च झाले. पुढे तेही पाडण्यात आले आणि आज दिसते ते चर्च १६६१ साली उभे राहिले.

जुने मंदिर पाडताना एक वस्तू मात्र जपून ठेवण्यात आली. ती म्हणजे त्याचे प्रवेशद्वार. पांढऱ्या दर्शनी भागाच्या मध्यावर हे काळ्या दगडाचे दार बसविलेले आहे, आणि सबंध इमारतीत तेच सर्वांत जुने आहे. गोव्याच्या घरांना लागतो तो जांभा दगड. तो खणून काढावयास सोपा. पण सच्छिद्र असल्याने त्यावर नाजूक नक्षी टिकत नाही. म्हणून दारासाठी कठीण काळा पाषाण योजलेला आहे. त्यावर गोल अर्धस्तंभ आणि फुलांची पट्टी कोरलेली आहे. सर्वांत चमत्कारिक आकृती आहे ती कड्यांनी बनविलेल्या गोलाची. आकाशातील ग्रहताऱ्यांची गती समजावून देणारे हे एक यंत्र असे. पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याने ते आपले राजचिन्ह केले होते. याच राजाच्या कारकिर्दीत वास्को द गामा १४९८ साली समुद्रमार्गे कालिकतला पोहोचला. राजाच्या नावावरून या शैलीस 'मॅन्युएली' म्हणतात. नव्या मंदिराची घडण वेगळ्या शैलीची आहे. तरीही हे दार तिथे उपरे वाटत नाही. पांढऱ्या भिंतीवर ते उलट अधिकच उठून दिसते.

मंदिराच्या रचनेत एक युक्ती आहे. छत कमानीचे आहे, आणि कमानीचे ओझे केवळ खाली येत नाही. ते भिंतींना बाहेरच्या बाजूस रेटीत असते. पुष्कळ ठिकाणी हा रेटा अडविण्यासाठी भिंतींना बाहेरून टेकू देतात. येथे टेकूच्या भिंती आतल्या बाजूस घेतल्या आहेत. दोन आडव्या भिंतींच्या मधल्या जागेत एकेक लहान प्रार्थनागृह साधले आहे. अशी ती प्रत्येक बाजूस तीन आहेत आणि त्यांच्या माथ्यावरून सज्जा जातो. रेटाही अडला आणि जागाही वाया गेली नाही.

या आडव्या भिंतींवर रंगीत वेलबुट्टी आहे. पाने, फुले आणि वळसे घेत जाणाऱ्या वेली यांनी भिंती भरून गेल्या आहेत. आराखडे युरोपातले खरे, परंतु गोव्यातील चर्चांच्या कोरीव व रंगीत कामात येथल्या कारागिरांचा हात मोठा होता. हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती पूजेच्या वस्तू करवून घेऊ नयेत, अशा आज्ञा सोळाव्या शतकात गोव्यात एकाहून अधिक वेळा निघाल्या. एकच आज्ञा पुन्हा पुन्हा काढावी लागते, तेव्हा ती कितपत पाळली जात असेल हे सांगावयास नको.

आता त्या सोन्याविषयी. वेदीमागील ती भिंत सोन्याची नाही. ती लाकडाची आहे. अशा कामात सुतार प्रथम लाकडावर वेली, फुले, देवदूत कोरून काढी. मग त्यावर खडू व सरस यांच्या मिश्रणाचे पातळ थर देत, म्हणजे लाकडाच्या शिरा बुजून पृष्ठभाग गुळगुळीत होई. त्यावर तांबड्या चिकणमातीचा हात. हा तांबडा रंग खालून उमटल्यामुळेच सोन्याला ऊब येते. शेवटी श्वासानेसुद्धा उडून जाईल इतका पातळ सोन्याचा वर्ख ओलसर मातीवर अलगद बसवीत आणि वाळल्यावर अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घासून त्याला झळाळी आणीत. मूठभर सोन्यात विस्तीर्ण पृष्ठभाग उजळतो तो असा. पोर्तुगीज भाषेत या कामास 'ताल्या दोरादा' म्हणतात.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. वर्ख पातळ असला तरी सोने ते सोनेच. संन्याशांचे म्हणणे असे, की दारिद्र्याचे व्रत आमचे आहे. देवाच्या घराला ते लागू नाही. शिवाय त्या काळी मंदिरात येणाऱ्या बहुतेकांना वाचता येत नसे. त्यांच्यासाठी भिंती हाच ग्रंथ होता. वेदीच्या दोन्ही अंगांस लाकडी फळ्यांवर फ्रान्सिसच्या चरित्रातील प्रसंग मोठ्या आकारात रंगविलेले आहेत, ते याच हेतूने. हे उत्तर सर्वांना पटेल असे नाही. खुद्द फ्रान्सिसच्या अनुयायांतही, निर्धनतेचे व्रत कितपत कठोरपणे पाळावे, यावरून शतकानुशतके वाद झाले आहेत.

मंदिराची पुढील कथा वैभवाची नाही. साथीच्या रोगांनी जुने गोवे ओस पडत गेले. १८३५ साली सरकारने गोव्यातील संन्याशांचे मठ बंद केले, आणि १८४३ साली राजधानीचा मान पणजीस मिळाला. जांभ्याच्या इमारतीला पावसापासून वाचविते ते चुन्याचे लेपण, आणि ते वरचेवर नवे करावे लागते. जवळच्या टेकडीवर संत ऑगस्टिनच्या पंथाचे याहून मोठे चर्च होते. मठ रिकामा झाल्यावर त्याची देखभाल थांबली. १८४२ साली त्याचे छत कोसळले आणि १९३१ साली दर्शनी भागही ढासळला. आज तेथे एका मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा उभा आहे. फ्रान्सिसचे चर्च मात्र वाचले. १९८६ साली जुन्या गोव्यातील इतर चर्चांबरोबर त्याची जागतिक वारशात गणना झाली.

चर्चला लागून असलेल्या मठात भारताच्या पुरातत्त्व विभागाने १९६४ साली संग्रहालय मांडले. पोर्तुगीज गव्हर्नरांची चित्रे त्यात ठेवण्यात आली, आणि त्यांच्याच सोबतीला ठेवण्यात आले वीरगळ, सतीशिळा व कदंबकालीन देवमूर्ती. १५४० च्या सुमारास या भागातील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. ज्या ओवऱ्यांतून फ्रान्सिसचे संन्यासी जपमाळ ओढीत फिरत, त्यांच्या आश्रयाला अशा रीतीने गोव्याचे जुने देव येऊन राहिले.