साधनांची पारख : महाडच्या निमित्ताने

पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प लिहावा लागतो आणि आपल्यातील पुष्कळ मुलेमुली त्यासाठी महाडचा सत्याग्रह हा विषय घेतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु असे प्रकल्प तपासताना मला दिसते ते असे, की निष्ठा भरपूर असते, साधने मात्र हाताला लागतील ती असतात. जयंतीची स्मरणिका, सभेतील भाषण, मोबाईलवर फिरत आलेला मजकूर आणि मूळ कागद यांना एकाच मापाने मोजले जाते. ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट कधी नव्हते, त्याला ही पारख कोणी शिकवलेली नसते. म्हणून ती येथे मांडतो.

पहिला प्रश्न काळाचा. चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले २० मार्च १९२७ रोजी. 'बहिष्कृत भारत' सुरू झाले ३ एप्रिल १९२७ रोजी. तेव्हा या पत्राच्या 'मार्चच्या अंकाचा' हवाला कोणी देत असेल, तर त्याने तो अंक पाहिलेलाच नाही हे उघड आहे. मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी, दुसऱ्या परिषदेत झाले. या दोन घटना एकाच दिवसाच्या म्हणून सांगणारा मजकूर खुशाल बाजूला ठेवावा.

दुसरा प्रश्न लिहिणाऱ्याचा. तो कोण, कोणासाठी लिहीत होता, त्याचे हितसंबंध काय? बाबासाहेबांच्या पत्रात चळवळीची बाजू आहे, तर पोलिसांच्या कागदात बंदोबस्ताची काळजी आहे. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली चळवळीच्या साधनांचा इंग्रजी खंड काढला. १९९० साली 'बहिष्कृत भारत' व 'मूकनायक' यांचे अंक एकत्र छापले. हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत. एकमेकांविरुद्ध उभे असलेले दोन साक्षीदार जी गोष्ट मान्य करतात, ती बळकट समजावी.

तिसरा प्रश्न उसनवारीचा. खैरमोडे यांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ चा, कीर यांचे इंग्रजी चरित्र १९५४ चे. पुढच्या अनेक पुस्तकांनी त्यांचाच आधार घेतला. तेव्हा एकच वाक्य दहा पुस्तकांत आढळले म्हणजे दहा पुरावे झाले असे नव्हे. नऊ जणांनी एकाचे उतरवून घेतलेले असू शकते. शेवटच्या पुस्तकाकडून पहिल्याकडे, आणि पहिल्याकडून मूळ कागदाकडे जावे.

मग आपल्या आयाबायांची गाणी, जलसे, म्हाताऱ्यांच्या आठवणी यांचे काय? विद्यापीठीय पंडित त्यांना साधन मानायला बिचकतात, मी मानतो. समाजाने ती घटना मनात कशी जपली याचा तो अस्सल पुरावा आहे. तारीख आणि आकडा यांसाठी मात्र त्यावर विसंबू नये. आठवण टिपताना सांगणाऱ्याचे गाव, वय, टिपल्याचा दिवस आणि त्याने हे स्वतः पाहिले की ऐकले, एवढे अवश्य नोंदवावे.

काही कार्यकर्ते चिडून विचारतात, 'ज्यांना लिहूच दिले नाही, त्यांच्याकडेच पुरावा का मागता?' हा संताप रास्त आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष घातक आहे. महाडला पाणी प्यायल्यावर अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि तिच्यावर विश्वास ठेवून सनातन्यांनी आपल्या माणसांची डोकी फोडली. बिनबुडाच्या शब्दाची किंमत आपण रक्ताने मोजली आहे.

पुढे तळ्याचा वाद न्यायालयात गेला. अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे, हा वादींचा मुख्य आधार होता. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी त्यांचे अपील फेटाळले, कारण ती वहिवाट अनादी असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही. ज्या परंपरेच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या पाणी तोडले, तिला पुरावा विचारताच ती उभी राहू शकली नाही. पुरावा मागणे हे आपल्या हातातले हत्यार आहे. ते दुसऱ्यावर चालवायचे, तर आधी स्वतःच्या वहीवर चालवून धार लावली पाहिजे.